तांब्याभर पाणी जाते कुठे?

माण तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र गेल्या आठवड्यात आले. त्यातला मजकूर थोडक्यात असा :

"आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी जुन्यात घेतलेली मोटार आहे. डाळिंबाच्या क्रेट नेण्यापासून सासऱ्यांना दवाखान्यात नेण्यापर्यंत सगळी कामे तिच्यावरच चालतात. हल्ली दोन दिवसांआड तिच्या पाण्याच्या बाटलीत तांब्याभर पाणी घालावे लागते. मालक म्हणतात, गळती बारीक आहे, तांब्याभर पाण्याने काय बिघडते? धाकटे दीर म्हणतात, मूठभर हळद टाका, आपोआप बंद होईल. मला दोन्ही पटत नाही. पुढच्या महिन्यात सासऱ्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला न्यायचे आहे. गाडी न्यावी की नको?"

ताई, तुम्हाला दोन्ही पटले नाही, तिथेच अर्धे काम झाले. उरलेले अर्धे एखाद्या सकाळी तासा-दीड तासात होण्यासारखे आहे आणि त्यातले बरेचसे तुम्ही स्वतः करू शकाल. पण हळदीचे नाव निघाले म्हणून आधी माझी फजिती सांगतो. फजिती म्हणतो खरा, पण ती आठवून मला अजून हसू येत नाही.

१९८७ सालची गोष्ट. आमच्याकडे एक जुनी जीप होती. त्या उन्हाळ्यात ती रोज थोडे थोडे पाणी खाऊ लागली. सकाळी बॉनेट उघडायचे, रेडिएटरमध्ये विहिरीचे तांब्याभर पाणी ओतायचे आणि निघायचे, असा परिपाठच पडला. आई एकदा ओट्यावरून म्हणाली, "आरं, माठ पाझराया लागला तर आपण माठाच्या बुडाला हात लावून बघतो. तू नुसतं वरनं वततुयास. जातंय कुठं ते बघशील का न्हाई?" मी हसण्यावारी नेले. पुढे एका ट्रक ड्रायव्हरने हळदीची तोड सांगितली. मी दोन मुठी टाकल्या. आश्चर्य म्हणजे पाणी टिकले! आठ दिवस तांब्या लागला नाही. आईला मी ते ऐटीत सांगितलेसुद्धा.

मे महिन्यात चिपळूणला लग्न होते. जाताना जीप गुणी लेकरासारखी गेली. परतताना पोफळी मागे पडली आणि आम्ही कुंभार्ली घाट चढू लागलो. आत नऊ माणसे, मागे आहेराची भांडी, भर दुपार. निम्मा घाट चढल्यावर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. मी गाडी हळू केली. थोड्या वेळाने काटा आपणहून खाली आला. म्हटले, चला, जिरली हिची. दोन वळणे गेलो नाही तोच इंजिन खडखडले, बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली आणि गाडी जागच्या जागी बंद पडली.

माझा पुतण्या तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मी चाकाला दगड लावत होतो, तोवर त्याने बॉनेट उघडले, खांद्यावरचा टॉवेल रेडिएटरच्या टोपणावर टाकला आणि टोपण फिरवले. उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि गळ्याचा खालचा भाग. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने त्याला घाटावर दवाखान्यात पोचवले. पोरगा वाचला. आज तो साठीकडे आला आहे आणि भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचाच सदरा घालतो.

जीप ओढून कराडला आणली. रेडिएटरवाल्याने वरची टाकी उसवून दाखवली. आत हळदीचा आणि विहिरीच्या क्षारांचा पिवळट चिखल बसला होता, निम्म्याहून जास्त नळ्या बुजल्या होत्या. आणि मूळ गळती कुठे होती? खालच्या होज पाइपची क्लिप सैल होती. स्क्रू ड्रायव्हरचे दोन फेरे, एवढेच काम होते. ते सोडून मी रेडिएटर बुजवला होता. क्लिपेजवळची हळद घाटाच्या हादऱ्यांनी सुटली, पाणी गेले, आणि उरलेल्या पाण्याला थंड व्हायला नळ्याच मोकळ्या नव्हत्या. इंजिनाचे हेड तापून वाकडे झाले होते, गॅस्केट उडाले होते. खरिपाच्या बियाण्याला आणि खताला ठेवलेले पैसे त्यात गेले.

मग काटा खाली कसा आला, असे तुम्ही विचाराल. मलाही ते कोडे पडले होते. काट्याला खबर देणारी जी घुंडी इंजिनात बसवलेली असते, ती पाण्यात बुडालेली असेल तर पाण्याचे तापमान सांगते. पाणीच उतरले आणि घुंडी उघडी पडली, की काटा खोटे बोलू शकतो. तेव्हा चढावर तापलेला काटा काही कारण नसताना झपकन खाली आला, तर आनंद मानू नका. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

आता ताईंच्या मालकांच्या प्रश्नाकडे वळू : तांब्याभर पाण्याने काय बिघडते?

इंजिनात इंधन जळून जी उष्णता निघते, तिचा साधारण तिसरा हिस्सा या पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप पाण्याला इंजिनाच्या अंगातून फिरवतो, तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरते, वारा आणि पंखा त्याला निववतात, आणि तेच पाणी पुन्हा इंजिनाकडे जाते. हा कारभार बंदिस्त आहे. पाटाच्या पाण्यासारखा नाही, की थोडे मुरले, थोडे उन्हाने उडाले. धड असलेल्या गाडीला महिनोन्महिने थेंबभर पाणी लागत नाही. लागते याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर जाते आहे, किंवा इंजिनाच्या पोटात जाते आहे.

शिवाय पाण्याबरोबर दाबही जातो. रेडिएटरचे टोपण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी समजा. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते, कारण आत दाब असला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, आणखी तापते. टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. ०.९ चे टोपण नीट बसले असेल, तर साधे पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. गळती असली की हा दाब धरला जात नाही. मग गावातल्या गावात गाडी ठीक चालते आणि घाटात उकळते. म्हणून "रोज शेतावर जाते की" हा दाखला साताऱ्याच्या वाटेला उपयोगाचा नाही. तुमच्या वाटेत वर्धनगडचा घाट आहे.

बाहेरून उष्णतेचे जे पाणी आपण रोज ओततो, त्याचीही एक गोष्ट आहे, पण ती पुढे सांगतो. आधी गळती शोधू.

गाडी रात्री सपाट जागेवर लावा. इंजिनाखाली मोठा पुठ्ठा पसरा, टी.व्ही.च्या खोक्याचा चालेल. पुढचे चाक कुठे होते याची कोळशाने खूण करा, म्हणजे पुठ्ठा बाहेर काढल्यावर डाग कोणत्या बाजूचा ते कळेल. सकाळी बघा. काळा, चिकट डाग असेल तर ते तेल. हिरवट, गुलाबी किंवा निळसर डाग असेल तर कूलंट. तांबूस डाग असेल तर गंजलेले पाणी. एक गोष्ट लक्षात असू द्या : एसी लावून प्रवास करून आल्यावर गाडीखाली जे स्वच्छ पाणी टपकते, ती गळती नव्हे. ते हवेतले पाणी आहे. त्यापायी कैक जण उगाच गॅरेजला पळतात.

पुठ्ठ्यावरच्या डागाच्या नेमके वर गळती असेल असे मात्र समजू नका. आपल्या कौलारू घरात पाऊस एका कौलातून शिरतो आणि वाशावरून वाहत जाऊन भलतीकडेच टपकतो, तसेच इथे होते. बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात खालून वर बघत जा. ओल जिथे सर्वांत वर सुरू झाली असेल, ती जागा खरी. पाणी गरम पत्र्यावर पडून वाळून जाते, पण जाताना खूण ठेवते. पांढरट, हिरवट किंवा तांबूस पापुद्रा दिसला तर तिथे बोट ठेवा. दिसेना, तर सगळी जागा कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. पुसल्याशिवाय नवी ओल ओळखू येत नाही. ही पुसण्याची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग गळती सापडत नाही म्हणतात.

सर्वांत आधी होज पाइपांची टोके बघा. वर एक जाड पाइप असतो, खाली एक, आणि आतल्या हीटरकडे जाणारे दोन बारीक. इंजिन थंड असताना पाइप हाताने दाबून बघा. रबर कुरकुरत असेल, फुगले असेल किंवा लिबलिबीत लागत असेल, तर त्याचे दिवस भरले. मग टोपणाच्या आतली रबराची चकती पाहा, तिला चीर किंवा खाच पडली आहे का. रेडिएटरच्या बुडाशी पाणी सोडायची चावी असते, ती पुष्कळदा पाझरते. पाण्याच्या पंपाच्या पोटाला एक लहानसे भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की तिथून थेंब पडतात. ते भोक बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत! ते बुजवू नका. पंप संपला हे सांगण्यासाठीच ते आहे. शेवटी रेडिएटरच्या दोन्ही टाक्यांचे सांधे आणि पुढची जाळी बघा. जाळीत खडा लागून नळीला टोचा पडलेला असतो. गाडीत पुढे बसणाऱ्याच्या पायाखालची सतरंजी ओली असेल, किंवा काचेवर गोडसर वासाचा चिकट धूर बसत असेल, तर गळती आतल्या हीटरची आहे.

काही गळत्या इंजिन थंड असताना दिसतच नाहीत. दाब चढला की मगच थेंब धरतात. अशा वेळी टोपण लावलेले ठेवून गाडी पंधरा-वीस मिनिटे उभ्यानेच चालू ठेवा आणि लांबून बॅटरी मारून बघा. पदर, ओढणी, सदऱ्याची बाही, काही लोंबते ठेवू नका आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका. नव्या गाड्यांचा पंखा विजेवर चालतो. इंजिन बंद असले तरी तो अचानक फिरू लागतो, म्हणून हात घालण्यापूर्वी किल्ली काढून खिशात ठेवा.

एवढे करूनही बाहेर कुठे थेंब नाही आणि पाणी तर कमी होतेच आहे, असे असेल तर मामला आतला आहे. तेल मोजायची पट्टी काढून बघा. तेल ताकासारखे पांढरट दिसते आहे का? गाडी चांगली गरम झाल्यावरही मागून पांढरा धूर येत राहतो का? बाटलीत बुडबुडे सतत येतात का? यातले काहीही असेल तर हेड गॅस्केट किंवा त्याच्याही आतले काही गेले असण्याचा संभव आहे. मग गाडी चालवू नका, मिस्त्रीला घरी बोलवा. तिथे आपला हात नको.

पण बहुतेक वेळा गळती बाहेरचीच आणि साधी निघते. क्लिप सैल असेल तर स्क्रू ड्रायव्हरने आवळा, मात्र बैलाला वेसण आवळल्यासारखी नको. फार आवळली की क्लिप रबरात रुतते आणि पाइप चिरतो. आवळूनही पाझरत असेल तर पाइप काढा. ज्या धातूच्या तोटीवर तो बसतो तिच्यावर क्षारांचा थर बसलेला असतो. तो बारीक पॉलिश पेपरने घासा, पुसा, आणि नवी क्लिप घालून पाइप पुन्हा बसवा. पाइपचे फक्त टोक चिरलेले असेल आणि पाइपला थोडी ढील असेल, तर बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून टाकून पुन्हा बसवता येतो. मध्येच चिरला असेल तर नवा घ्या. आडरानात वेळ आली, तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी ताणून गुंडाळायची आणि वरून तारेने बांधायचे. तेवढ्यावर पुढचे गाव गाठता येते.

टोपण बदलताना जुन्यावरचा आकडा बघूनच नवे घ्या. आकडा कमी घेतला तर पाणी लवकर उकळेल, जास्त घेतला तर जुने पाइप आणि सांधे फुटतील. दुकानदार "हेच बसतं" म्हणाला तरी आकडा स्वतः वाचा.

खुद्द रेडिएटर गळत असेल, तर तो कशाचा आहे ते बघा. जुन्या जीप आणि जुन्या ट्रॅक्टरचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. ते कथलाने झाळून घेतले की पुढे कित्येक वर्षे चालतात, आणि तालुक्याच्या गावी झाळणारा कारागीर असतो. हल्लीच्या मोटारींत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. त्यांना कथील धरत नाही. प्लॅस्टिकच्या टाकीला बारीक तडा असेल तर जागा घासून, अगदी कोरडी करून एम-सीलसारखा दोन गोळ्यांचा मसाला लावतात. तो धरतो, पण तो तात्पुरता जोड आहे. त्याच्या भरवशावर म्हातारे माणूस घेऊन घाट चढू नये. असा रेडिएटर बदलणे हाच इलाज.

आता तुमच्या भाऊजींची हळद. तिची थट्टा करणार नाही, कारण ती काम करते. हळदीची पूड पाण्यात फुगते, भोकाशी जाऊन साचते आणि उष्णतेने घट्ट होते. बाजारात गळती बुजवण्याची जी तयार औषधे मिळतात, त्यांची रीतही साधारण अशीच. टाचणीच्या टोकाएवढे भोक त्यांनी बुजते. पण भोक कोणते आणि नळी कोणती हे त्यांना कळत नाही. जिथे वाट अरुंद आहे तिथे ती बसतात, आणि आजच्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या फार बारीक असतात. रात्री अडकलात, घर वीस किलोमीटरवर आहे, जवळ दुसरे काही नाही, तर हळद टाकून घरी या, मी नाही म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी ते पाणी सगळे सोडून, दोन-तीनदा धुऊन काढा आणि गळती शोधा. घरात बसून, वेळ हाताशी असताना हळद टाकू नका.

आता पाण्याची ती राहिलेली गोष्ट. विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड असते. चुलीवरच्या पाण्याच्या हंड्याला आतून जे पांढरे कवच चढते, तेच रेडिएटरच्या नळ्यांत चढते. रोज तांब्याभर म्हणजे रोज थोडा चुना. पाणी जाते आणि चुना मागे राहतो. यासाठी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरा. घरी आर.ओ.चे यंत्र असेल तर त्याचे प्यायचे पाणी त्यातल्या त्यात बरे. यंत्राच्या दुसऱ्या नळीतून सांडते ते कधीही नको, सगळे क्षार त्यातच असतात. आणि नुसते पाणी कितीही शुद्ध असले तरी गंज चढतो, म्हणून त्यात कूलंट हवे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे बरेच जण म्हणतात. गोठण्यासाठी नव्हे, गंज थांबवण्यासाठी आणि उकळी लांबवण्यासाठी ते घालायचे. निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी हे बहुतेक गाड्यांचे माप आहे. काही डब्यांत ते आधीच मिसळलेले असते, तेव्हा डब्यावर वाचा. रंगावर जाऊ नका, एकाच रंगाची दोन कूलंटे वेगळ्या जातीची असू शकतात. वेगवेगळ्या जाती मिसळल्या तर आत चिखल होण्याची भीती असते. आधीचे कोणते आहे ते माहीत नसेल तर सगळे काढून, धुऊन नवे भरा.

आणि हे काढलेले कूलंट कुठे टाकाल? हा प्रश्न मी मुद्दाम घरातल्या बायकांना विचारतो, कारण पुरुष ते अंगणातच सोडतात. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि जबर विषारी असते. कुत्रे, मांजर, वासरू ते चाटते, लहान मूलही पिऊ शकते. सरबताच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते भरून ठेवू नका. जुने कूलंट कॅनमध्ये भरून, वर "विष" असे लिहून गॅरेजवाल्याला द्या. गोठ्याच्या नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका. सांडले तर लगेच माती टाकून ती उचला आणि जागा धुऊन काढा. मुलाने घोट घेतल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा आणि कॅन बरोबर न्या. सुरुवातीला काही दिसत नाही, पण मूत्रपिंडे निकामी होतात.

टोपण उघडण्याबद्दल एवढ्या उशिरा लिहितो आहे, पण हा भाग घरातल्या जाणत्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. कुकरची शिट्टी जिरण्याआधी आपण झाकण काढत नाही. इथे तर कुकरपेक्षा पाणी जास्त आणि तोंड आपल्या चेहऱ्याच्या समोर. टोपण काढताच दाब जातो, आतले शंभर अंशांपेक्षा जास्त तापलेले पाणी त्या क्षणी वाफ होते आणि कारंजे उडते. टॉवेलने ते अडत नाही, हे आमच्या घराने पाहिले आहे. इंजिन बंद करून तासभर जाऊ द्या. वरच्या होज पाइपवर तळहात निवांत ठेवता आला आणि तो दाबल्यावर मऊ लागला, तरच टोपणाला हात लावा. तेव्हाही जाड गोणपाटाची घडी वर ठेवा, तोंड बाजूला ठेवा, टोपण थोडेसेच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या आणि मग काढा. काही गाड्यांत रेडिएटरवर टोपणच नसते, ते बाटलीवर असते. त्यालाही हाच नियम. तापून कोरड्या पडलेल्या इंजिनात लगेच थंड पाणीही ओतू नका. लाल तव्यावर पाणी मारल्यासारखे होते आणि हेडला तडा जातो.

भाजलेच, तर जागा वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बर्फ, शाई, टूथपेस्ट, तेल, हळद काही लावू नका. अंगठी आणि बांगड्या सूज येण्याआधी काढा. मग स्वच्छ फडके सैलसर झाकून दवाखान्यात न्या. पुतण्याच्या हातावर त्या दिवशी आम्ही घाटातल्या एका टपरीतून खोबरेल आणून ओतले होते. डॉक्टर काय बोलले ते इथे छापण्यासारखे नाही.

ताई, आता तुमच्या गाडीचे. येत्या रविवारी मालक आणि भाऊजी दोघांनाही कामाला लावा. पुठ्ठा, पुसणे, शोधणे, दुरुस्ती या क्रमाने जा. दुरुस्ती झाल्यावर शुद्ध पाणी आणि कूलंट सावकाश भरा. टोपण उघडे ठेवून गाडी थंड असतानाच चालू करा, हीटर गरमवर लावा. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडेल आणि पातळी खाली जाईल, तेवढे पुन्हा भरा. बुडबुडे थांबले की, पाणी तापण्याआधीच टोपण लावा. सगळे थंड झाल्यावर बाटलीवर पातळीपाशी पेनाने रेघ मारा आणि तारीख लिहा.

मग तीन सकाळी ओळीने पुठ्ठा कोरडा निघाला पाहिजे आणि पाणी रेघेवर राहिले पाहिजे. त्यानंतर रिकाम्या गाडीने एक फेरी चढाच्या रस्त्यावर मारून या. तरीही पातळी हलली नाही, तर सासऱ्यांना खुशाल गाडीने न्या. वाटेत काटा चढलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. गाडीत उकडेल, पण इंजिनाची तेवढी उष्णता कमी होते. मग पहिल्या सावलीला थांबा. पातळी हलली, किंवा मिस्त्रीने पंपाकडे अगर हेडकडे बोट दाखवले, तर त्या दिवसापुरती एसटी पकडा किंवा शेजाऱ्यांची गाडी मागा. ऑपरेशनची तारीख मिळालेली असते, ती घाटात बसून चुकवू नका.

सासऱ्यांची पट्टी सुटली की दोन ओळी लिहून कळवा, आणि गळती कुठे सापडली तेही.